ॲल्युमिनियमचा गाभा

लकडगंजात सागवान पाहायला आलेल्या नागपूरकराला एकदा जवळून बघावं. तो आधी ओंडक्याच्या कापलेल्या तोंडाशी जातो. गाभा किती, बाहेरचं पांढरं किती, हे नजरेनं मोजतो. रेषा सरळ आहे की मुरडलेली, गाठ जिवंत आहे की मेलेली, हे पाहतो. फळीवर नख ओढतो, भुसा चिमटीत घेऊन नाकाशी नेतो. मग विचारतो, "आलापल्लीचं का बल्लारशाचं?" सांगणारा खरं सांगेलच असं नाही, पण विचारणाऱ्याला उत्तर ऐकून काय समजायचं ते ठाऊक असतं. ही जाण दोन-चार वर्षांत आलेली नाही. १८६१ साली मध्य प्रांत झाला, नागपूर त्याची राजधानी झाली, आणि इथल्या सागाला बाजारात 'सीपी टीक' हे नाव पडलं. प्रांत गेला, नाव राहिलं. दिल्लीच्या नव्या संसद भवनाला लागलेलं सागवान नागपूरहून गेलं. अयोध्येच्या मंदिरासाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरचं लाकूड वाजतगाजत रवाना झालं. लाकडाच्या बाबतीत हे गाव कुणाकडून फसायचं नाही.

तोच माणूस तिथून इतवारीतल्या लोहा ओळीत ॲल्युमिनियमचा पाइप घ्यायला येतो, आणि त्याचा एकच प्रश्न असतो : "काय भाव किलो?"

गाभा नाही, रेषा नाही, गाव नाही. चकचकीत नळी हातात घेतो, हलकी आहे म्हणून खूश होतो आणि पैसे देतो. हा एवढासा विरोध गेली दोन वर्षं माझ्या डोक्यातून जात नाही. ज्या शहरात देशाची ॲल्युमिनियमवरची संशोधन संस्था आहे, त्या शहरात हा धातू विकत घेताना आपण लाकडाइतके तरी प्रश्न का विचारत नाही?

माझ्यापुरती ही गोष्ट २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे सुरू झाली. काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला, नागनदी रस्त्यावर आली, आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच. माझ्या मावशीचं घर त्याच पट्ट्यात. पाणी ओसरल्यावर चार-पाच दिवसांनी त्या गल्ल्यांतून चालताना घराघरांपुढे एकच दृश्य होतं : फुगून पुस्तकासारखी पानं सुटलेली प्लायवूडची कपाटं, भिजलेल्या बिस्किटासारखे विरघळलेले पार्टिकल बोर्डचे पलंग, सनमायका वेगळा, लाकडाचा लगदा वेगळा. कबाडी ते उचलायलाही तयार नव्हता. मावशीच्या स्वयंपाकघराचं फर्निचर सहा वर्षांचं होतं. त्यातल्या दोन कप्प्यांना आधीच उधई लागलेली होती, ती आम्हाला पाण्यानंच दाखवली.

मावशी एवढंच म्हणाली, "आता असं काहीतरी कर बाप्पा, जे फुगणार नाही अन् उधई खाणार नाही."

सागाचा गाभा उधईला दाद देत नाही, हे खरं. पण सगळं घर घन सागवानात उभं करणं आज किती जणांना जमतं? स्टेनलेस स्टील जड आणि महाग. लोखंडी पाइप गंजतो, आणि ओल्या लादीला टेकलेला त्याचा पाय आतून पोखरतो. ॲल्युमिनियमला पाणी फुगवत नाही, उधई त्याच्याकडे पाहत नाही, आणि कंटाळा आला तर कबाडी त्याचे रोख पैसे देतो. म्हणून मी ॲल्युमिनियमच्या मागे लागलो. 'ॲल्युमिनियम' नावाची एकच एक वस्तू बाजारात नसते, हे त्यानंतर कळलं.

तसं हे आपल्याला माहीत असायला हवं होतं. आमच्या घरात आजीच्या हाताखालची भांडी दोन जातींची होती. एक भंडाऱ्याची पितळी, जड, पिढ्यान्पिढ्या चालणारी. दुसरी 'जर्मनची'. विदर्भातच काय, महाराष्ट्रभर ॲल्युमिनियमच्या पातेल्याला जर्मन किंवा जर्मल म्हणत आले, आणि त्या नावाचा संबंध 'जर्मन सिल्व्हर'शी जोडला जातो. गंमत अशी की जर्मन सिल्व्हरमध्ये ॲल्युमिनियम नसतंच. तो तांबं, जस्त आणि निकेलचा मिश्रधातू. पण पांढरी, स्वस्त आणि चांदीसारखी दिसणारी ती जर्मन, असा हिशेब झाला असावा. ते जर्मनचं पातेलं पडलं की त्याला पोचा यायचा, पितळेला यायचा नाही. पितळ म्हणजे तांब्यात मिसळलेलं जस्त, मिश्रणानं कणखर झालेलं. भांड्याचा ॲल्युमिनियम जवळजवळ शुद्ध, म्हणून मऊ. मला लागणारा सगळा धडा त्या एका पोच्यात होता.

शुद्ध ॲल्युमिनियमचं फर्निचर करता येत नाही. त्याला कणखर करायला त्यात दुसरं काही मिसळावं लागतं, आणि काय मिसळलं त्यावरून त्याचं घराणं ठरतं. ही घराणी चार आकड्यांनी ओळखतात. १ ने सुरू होणारं जवळपास शुद्ध. ३ चं मँगेनीजवालं, ५ चं मॅग्नेशियमवालं, ६ चं मॅग्नेशियम आणि सिलिकॉन दोन्ही असलेलं, ७ चं जस्तवालं. विमानाच्या अंगाला २ आणि ७ ची घराणी लागतात. आपल्या खुर्ची-टेबलाच्या, खिडकी-दाराच्या पाइपांचं घराणं ६ चं, आणि त्यातलंही बहुतेक वेळा एकच : ६०६३.

लोहा ओळीत हे नाव घेतलं तर काही जण मान हलवतात, काही 'एचई-९' म्हणतात. ते जुनं ब्रिटिश नाव, अजून जिवंत आहे. आपल्या भारतीय मानकात त्याच धातूचा क्रमांक ६३४००. एकाच धातूची ही तीन नावं माहीत असली तर दुकानात घोळ होत नाही. तसंच ६०६१ म्हणजे ६५०३२. 'एचई-३०' म्हणून जो जरा दणकट पाइप मिळतो तो ६४४३०, जगाच्या भाषेत ६०८२ च्या जवळचा.

आता या तिघांत फर्निचरला कोणता? इंजिनीअर मित्र लगेच म्हणतात, ६०६१ घे, जास्त मजबूत. त्यांचं चुकत नाही, पण ते पूर्णही नाही. हे समजायला सोऱ्या आठवावा. ॲल्युमिनियमचा पाइप कुणी वाकवून, जोडून करत नाही. धातूची जाड कांडी ४५०-५०० अंशांपर्यंत तापवून, मऊ करून, जबरदस्त दाबानं पोलादी साच्यातून ढकलतात. पलीकडून हव्या त्या आकाराचा पाइप निघतो, सोऱ्यातून शेव निघते तसा. ६०६३ म्हणजे नीट भिजवलेलं पीठ : बारीक खाचा, पातळ भिंती, काच बसवायची चर, रबराची खोबण, सगळं एका दाबात आणि गुळगुळीत. ६०६१ म्हणजे घट्ट पीठ : चकली होते, पण काटे तुटतात. म्हणून कपाटाच्या दाराची नाजूक चौकट ६०६१ मध्ये सहसा मिळत नाही, आणि मिळाली तरी तिचा पृष्ठभाग ६०६३ इतका नितळ नसतो. ॲनोडायझिंगचा थरही ६०६३ वर जास्त स्वच्छ बसतो. यंत्राचा भाग, जड वजनाचा स्टँड, जाड प्लेट यांना ६०६१ शोभतो. घरातल्या फर्निचरला ६०६३ पुरतो, पण एका अटीवर, आणि ती अट बाजारात जवळजवळ कुणीच विचारत नाही.

ती अट म्हणजे टेम्पर : धातू किती कणखर केलेला आहे ते.

१९०६ च्या सुमारास आल्फ्रेड विल्म हा जर्मन धातुतज्ज्ञ ॲल्युमिनियममध्ये थोडं तांबं आणि मॅग्नेशियम घालून ते कणखर करण्याच्या खटपटीत होता. तापवून झटकन थंड केलेला तुकडा त्यानं तपासला तेव्हा तो मऊच होता. काही दिवसांनी तोच तुकडा पुन्हा मोजला तर कडक झालेला. मधल्या दिवसांत कुणी त्याला हात लावला नव्हता. नुसत्या वेळानं धातू कणखर झाला होता. आत काय घडतं ते पुढे उमगलं : विरघळलेले कण हळूहळू एकत्र येऊन अतिसूक्ष्म गुठळ्या करतात आणि धातूचे थर एकमेकांवरून घसरायला अडकतात. लोणचं जसं मुरावं लागतं तसा हा धातूही मुरावा लागतो. कारखान्यात दिवस मोजत बसत नाहीत. पाइप भट्टीत पावणेदोनशे ते दोनशे अंशांच्या आसपास काही तास ठेवून मुरवतात. सोऱ्यातून गरम बाहेर पडलेला पाइप हवेच्या झोतानं थंड करून मुरवला तर टी-५. आणखी झपाट्यानं थंड करून पुरता मुरवला तर टी-६. मुरवलाच नाही तर दिसायला तोच पाइप, चमक तीच, वजन तेच, भावही तोच. आत मात्र कच्चा.

आकडे पाहिले की फरक कळतो. ६०६३ पूर्ण नरम अवस्थेत असेल तर साधारण ४८ मेगापास्कलच्या ताणाला कायमचा वाकतो. टी-५ ला ही मर्यादा सुमारे १४५, टी-६ ला २१४. म्हणजे एकाच धातूत, एकाच दुकानात, चौपटीहून जास्त अंतर. ६०६१ टी-६ ची मर्यादा २७५ च्या आसपास. याचा अर्थ, नीट मुरवलेला ६०६३ आणि ६०६१ यांच्यातलं अंतर कच्च्या आणि मुरलेल्या ६०६३ मधल्या अंतरापेक्षा पुष्कळ कमी. सागाचा गाभा डोळ्यांना दिसतो. ॲल्युमिनियमचा गाभा हा टेम्पर, आणि तो दिसत नाही, विचारावाच लागतो. कारखान्याचं टेस्ट सर्टिफिकेट, बाजारात ज्याला नुसतं 'टीसी' म्हणतात, त्यावर धातूच्या पुढे तो लिहिलेला असतो.

मी पहिल्यांदा एका कारागिराला टेम्पर विचारला तेव्हा त्यानं माझ्याकडे प्रेमानं पाहिलं. म्हणाला, "भाऊ, पाइप म्हंजे पाइप. त्यात काय पाहाचं?" वीस वर्षं खिडक्या करणारा माणूस. त्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं, कारण खिडकीवर कुणी बसत नाही. खिडकीचा पाइप काच धरून उभा राहतो, झालं. फर्निचरवर माणूस बसतो, टेकतो, मूल उडी मारतं. खिडकीचं सामान उचलून त्याचंच बाकडं करायचं, ही आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक आहे असं मला ठामपणे वाटतं.

बाकड्याचाच हिशेब करून पाहिला. चार फुटी बाकडं, आसनाखाली दोन आडव्या पट्ट्या, मधोमध ८० किलोचा एक माणूस. म्हणजे प्रत्येक पट्टीच्या मध्यावर ४० किलो. पट्टीसाठी २५ बाय २५ चा, दीड मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप घेतला तर तो मध्ये जवळपास १६ मिलिमीटर झोल खातो. त्याच मापाचा लोखंडी पाइप ५ मिलिमीटर खाईल. कारण ॲल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या एक तृतीयांश आहे. आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो : हा ताठपणा मिश्रधातू बदलून वाढत नाही. ६०६३ च्या जागी ६०६१ घाला, विमानाचा ७०७५ घाला, झोल जवळजवळ तोच. बदलावा लागतो तो आकार. पाइप ५० बाय २५ चा घेतला, जाडी तीच ठेवली आणि उभा लावला, तर झोल १६ वरून ३ मिलिमीटरवर येतो. धातू लागतो दीडपट, ताठपणा वाढतो पाचपटीहून जास्त. पैसे कुठे घालायचे हे यातून मला समजलं : महागड्या ग्रेडमध्ये नाही, पाइपाच्या उंचीत.

ताणाचाही हिशेब त्यातच आहे. २५ च्या पाइपात तो ११५ मेगापास्कलपर्यंत जातो. टी-५ असेल तर पाइप वाकून परत सरळ होईल, कच्चा असेल तर वाकलेलाच राहील. लग्नाच्या हॉलमधल्या खुर्च्यांचे पाय दोन हंगामांत फेंगडे होतात तेव्हा हे आठवावं. ५० च्या उभ्या पाइपात तोच ताण ४३ वर उतरतो. आकार बरोबर असेल तर धातूच्या कच्चेपणाचीही थोडी माफी मिळते. आकार चुकला तर काहीच वाचवत नाही.

ॲल्युमिनियम नरम म्हणून वाईट, असा समज व्हायला आपल्याकडे एक कारण एसटीनंही दिलं आहे. लाल गाडीचे पत्रे रिपिट मारून बसवलेले आपण सगळ्यांनी पाहिलेत. ते ॲल्युमिनियमचे. हिंगण्याची मध्यवर्ती कार्यशाळा ही एसटीच्या राज्यातल्या तीन मोठ्या कार्यशाळांपैकी एक, आणि या कामात पिढ्या गेल्या आहेत. गेल्या दशकात महामंडळानं ॲल्युमिनियमची बांधणी सोडून माइल्ड स्टीलची धरली, अपघातात जास्त टिकाव धरेल म्हणून. निर्णय त्यांच्या गाडीपुरता योग्यच असेल. पण त्याच काळात पुणे मेट्रोचे डबे ॲल्युमिनियमचे आले. त्यांची बांधणी लांबच लांब पोकळ एक्स्ट्रुजनची, आकारानंच ताठ केलेली. पातळ पत्रा सांगाड्यावर ठोकणं आणि आकाराला सांगाडा करणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धातूचं नाव दोन्हीकडे एकच असलं तरी.

अमरावती रस्त्यानं वाडीकडे निघालं की जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र लागतं. १९८९ साली केंद्राच्या खाण मंत्रालयानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं ते उभारलं, आणि १९९६ पासून ते पूर्ण कामाला लागलं. बॉक्साइट कोणत्या प्रतीचं, त्यातून ॲल्युमिना काढल्यावर उरणाऱ्या लाल गाळाचं काय करायचं, भंगार कसं पुन्हा वापरात आणायचं, असले प्रश्न तिथे वर्षानुवर्षं अभ्यासले जातात. आसपास बॉक्साइट नाही; ते आपल्या राज्यात कोल्हापूरकडच्या सड्यांवर. धातू वितळवणारा मोठा कारखानाही इथे नाही, तो छत्तीसगडात, कोरब्याला. तरी केंद्र इथे आहे, भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय इथे आहे, धातुशास्त्र शिकवणारी व्हीएनआयटी इथे आहे, आणि मौद्याला हिंडाल्कोचा पत्रा-फॉइलचा कारखाना आहे. या शहराला ॲल्युमिनियमचं शहाणपण जवळजवळ आयतं मिळालेलं आहे. वाडी ते लोहा ओळ हे अंतर काही तासाभरापेक्षा जास्त नाही. ते शहाणपण अजून तिथवर पोचलेलं नाही, याची मला खरंच खंत वाटते.

सांध्यांबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण फर्निचर मोडतं ते सांध्यात.

लोखंडाचा कारागीर सवयीनं वेल्डिंगकडे जातो. ॲल्युमिनियमलाही वेल्डिंग होतं. वर्कशॉपात त्याला 'आर्गन मारणं' म्हणतात. पण मुरवून कमावलेली ताकद वेल्डिंगच्या उष्णतेनं सांध्याच्या दोन्ही बाजूंना बोटभर पट्ट्यात जवळपास निम्म्यावर येते. म्हणजे जिथे सगळ्यात जास्त जोर पडतो तिथेच पाइप पुन्हा कच्चा होतो. खुर्ची वेल्डवर तुटत नाही, वेल्डच्या शेजारी तुटते. पाहिलं असेल तर आठवेल.

यावर उपाय आहे, आणि तो १९४४ सालचा आहे. अमेरिकी नौदलाला युद्धनौकांवर हलकी, न गंजणारी, खारी हवा सोसणारी खुर्ची हवी होती. पेनसिल्व्हेनियातल्या हॅनोव्हर गावी एमेको या कंपनीनं ती केली, क्रमांक १००६, लोकांच्या तोंडी 'नेव्ही चेअर'. ती आजही ७७ टप्प्यांत बनते. त्यातला माझ्या मते कळीचा टप्पा असा : वेल्डिंग आणि घासकाम पूर्ण झाल्यावर अख्खी खुर्ची पुन्हा तापवतात आणि मुरवतात. वेल्डनं घालवलेली ताकद ती परत मिळवते. त्याच्या पाच-सहा वर्षं आधी हान्स कोरे यानं झुरिकच्या १९३९ च्या प्रदर्शनासाठी केलेली 'लांडी' नावाची खुर्चीही पत्रा दाबून, मग उष्णतेनं कडक केलेली. तिच्या पाठीत आणि आसनात मिळून ९१ भोकं आहेत, पाणी निघून जावं आणि वजन कमी व्हावं म्हणून. ती ८० हून जास्त वर्षांपूर्वीची पावसात ठेवायची खुर्ची आहे, आणि आपण अजून बागेत लोखंडी बाकं रंगवत बसतो.

आपल्या वर्कशॉपात खुर्ची मावेल अशी भट्टी नाही. मग आपण वेल्ड टाळायचं. कोपऱ्यात पाइपाच्या आत क्लीट, म्हणजे धातूचा कोनी तुकडा, घालून स्क्रूनं आवळायचं, जोर पडणाऱ्या जागी आरपार बोल्ट, आणि वेल्ड करायचंच असेल तर जिथे वाकवणारा जोर कमी तिथे. रंगाचाही एक बारकावा आहे : वेल्डिंगला ४०४३ ची तार वापरली आणि नंतर ॲनोडायझिंग केलं तर सांधा काळपट उठून दिसतो, ५३५६ ची तार रंगाला जुळते. पावडर कोटिंग करणार असाल तर हा प्रश्न उरत नाही. पाइप वळवायचा असेल, गोलाकार पाठ हवी असेल, तर तो मुरवण्याआधी वळवावा लागतो. टी-६ चा पाइप लहान त्रिज्येत वळवला की बाहेरच्या अंगाला तडा जातो.

पत्र्याचं थोडक्यात. कपाटाच्या पाठीला, आतल्या कप्प्यांना ३००३ पुरतो. घासला, ठोकला जाणार असेल तर ५०५२. हे दोघं भट्टीत मुरत नाहीत, रोलर्सखाली दाबून कडक होतात. स्वयंपाकघराच्या दारांना हल्ली सर्रास एसीपी लावतात : दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा गाभा. दिसायला छान. पण तो गाभा साध्या पॉलिथिनचा असेल तर पेटतो, आणि लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ ला लागलेल्या आगीत, जिच्यात ७२ माणसं गेली, बाहेरच्या असल्याच आवरणाचा मोठा वाटा होता. शेगडीच्या शेजारी एसीपी लावायचंच असेल तर आगरोधक प्रतीचं मागा. बागेतल्या नक्षीदार ओतीव खुर्च्यांना सिलिकॉन भरपूर असलेला एलएम-६ चांगला. भंगारातून आलेला तांबंयुक्त ओतीव माल पावसात लवकर डागाळतो.

मग नागपूरचं ऊन. मे महिन्यात पारा अनेकदा ४५ च्या पुढे जातो, २०१३ साली तो ४७.९ ला टेकला होता. दुपारी गच्चीवर ठेवलेल्या गडद रंगाच्या ॲल्युमिनियमच्या खुर्चीला उघडी मांडी टेकवून पाहू नये. धातू उष्णता झटकन देतो, आणि डिसेंबरात तितक्याच झटकन अंगातली काढून घेतो. म्हणून माझं मत असं झालं आहे की सांगाडा ॲल्युमिनियमचा असावा, पण शरीर टेकेल ती जागा लाकडाची, वेताची किंवा नवार-पट्टीची. सागाच्या चार फळ्या आणि त्याखाली ॲल्युमिनियमचा ताठ सांगाडा, ही या हवेची जोडी आहे. बाहेरच्या वस्तूला रंग फिका, ॲनोडायझिंग १५ मायक्रॉनच्या वर. आत ५ ते १० चालतं. ॲनोडायझिंग खरंच आहे का हे पाहायला विजेच्या कामाचा मल्टिमीटर पुरे. त्याची दोन टोकं पृष्ठभागाला हलकेच टेकवा. वाजला तर थर नाही, कारण तो थर वीज वाहू देत नाही.

ऊन-थंडीनं धातू फुगतो-आकसतो हेही धरावं लागतं. हिवाळी पहाट आणि उन्हाळी दुपार यांत पाइपाच्या तापमानात ५० अंशांचा फरक धरला, तर दोन मीटरचा पाइप २.३ मिलिमीटर वाढतो. फळी दोन्ही टोकांना घट्ट आवळली तर ती तडकते किंवा स्क्रू कुरकुरतो. एका टोकाचं भोक लांबट ठेवावं, इतकंच. स्क्रू स्टेनलेसचे. साध्या लोखंडी स्क्रूभोवती ओल आली की ॲल्युमिनियम खाल्ला जातो. आपल्या कोरड्या हवेत हे सावकाश होतं, कोकणात डोळ्यांदेखत. पायांना नायलॉनची टोपी, कारण लादी पुसायच्या सोड्यानं आणि ओल्या सिमेंटनं या धातूवर डाग पडतात.

आणि कूलर. हे मी पोटतिडकीनं लिहितो आहे. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरचा शॉक लागून माणसं जातात, पोरं जातात. धातूचा पलंग कूलरला टेकवून ठेवू नका, मग तो लोखंडी असो की ॲल्युमिनियमचा. हाताचं अंतर ठेवा, अर्थिंग तपासून घ्या, आणि घराच्या बोर्डावर गळती पकडणारा आरसीसीबी बसवा. त्याची किंमत एका खुर्चीपेक्षा जास्त नसते.

खनिजातून एक किलो ॲल्युमिनियम काढायला सुमारे १४ युनिट वीज जाते. कोराडीच्या वीज केंद्राच्या चिमण्यांखाली राहणाऱ्या आपल्याला या आकड्याचं वजन कळायला हवं. चार किलोची खुर्ची म्हणजे ५६ युनिट. भंगार वितळवून तोच धातू केला तर यातली जेमतेम ५ टक्के ऊर्जा लागते. म्हणून भंगाराच्या मालाला नाक मुरडण्याचं कारण नाही, फक्त त्यात काय मिसळलं गेलं आहे ते तपासलेलं हवं. त्यासाठीही तो टीसीच.

शेवटी मावशीच्या ओट्याखालच्या मांडणीची चिठ्ठी मी कारागिराला लिहून दिली : आडव्या पट्ट्या ६०६३ टी-६, ५० बाय २५, दीड मिलिमीटर, उभ्या लावायच्या. उभे खांब २५ बाय २५. सांधे क्लीटचे, वेल्ड नाही. स्क्रू स्टेनलेस. पाठीला ३००३ चा पत्रा. कप्प्यांच्या फळ्या तिच्या जुन्या सागाच्या दाराच्या, जे पुरातून धडधाकट बाहेर आलं होतं. त्यानं चिठ्ठी दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली, आणि आम्ही पाइप आणायला गेलो.

दुकानात पहिला बारा फुटी पाइप काट्यावर चढवला : १ किलो ७२० ग्रॅम. दीड मिलिमीटरचा असता तर २ किलो १०० च्या वर भरायला हवा होता. म्हणजे हा १८ गेजचा, १.२ मिलिमीटरचा. मी काही बोलायच्या आत कारागिरानंच तो बाजूला ठेवला आणि दुकानदाराला म्हणाला, "मामा, हा नाही. दुसऱ्या गठ्ठ्यातला काढा, अन् टीसी दाखवा." दुसरा पाइप चढला. काटा २ किलो १२० वर थांबला.